आधी वायर गुंडाळली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खरं तर तिलाच सांगायला हवं होतं — ज्याच्याबद्दल आहे तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण तुम्ही अनोळखी आहात, आणि अनोळखी माणसापुढे तोंड उघडणं मला जमेल असं वाटतं. बघू.

माझ्या फजित्या अमरावतीत अर्ध्या ओळखीच्यांना पाठ आहेत. मीच सांगत फिरतो. पुतण्याच्या लग्नाला म्हणून भलत्याच मांडवात आहेर देऊन जेवून आलेला माणूस मी. त्यामुळे कारच्या मागे जोडून ओढायची घरगाडी मी अकोल्याहून बांधवून आणली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. आत दोन बिछाने, शेगडी, एवढंसं बेसिन. निवृत्त झालो की चिखलदरा, मेळघाट — असा बेत. बायको तिला पहिल्या दिवसापासून ‘डब्बा’ म्हणते. डब्बा घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहिला आणि माझी झोप गेली.

चाकं असलेली वस्तू कोणीही ओढून नेऊ शकतो की नाही? मी जोडाच्या कडीला कुलूप घातलं. मग चाकाला लोखंडी अडसर. मग कडुनिंबाला साखळी. एकदा खरंच चिखलदऱ्याला निघालो, तर किल्ल्या जुळवण्यात दुपार झाली आणि आम्ही घरीच पोहे खाल्ले. हे मी रंगवून सांगतो, लोक हसतात. इथपर्यंतचं हसण्यासारखंच आहे.

मग एके दिवशी डाव्या चाकाचे नट ढिले दिसले. चोरले नव्हते — ढिले होते. तसाच घाटात गेलो असतो तर? त्या विचाराने मला जे धरलं ते सोडलंच नाही. प्लॉटवरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे मी बघू लागलो. दूधवाला, शेजारचे काका, शेळ्या चारणारी बाई. कोण असेल? आणि का? आजही माहीत नाही. मीच नीट आवळले नसतील, हेही शक्य आहे.

माझा मेहुणा सुधाकर अकोटजवळ शेती करतो. रानडुकरांसाठी कुंपणाला लावतात ते झटका मशीन त्याच्याकडे होतं. त्याने ते आणून डब्ब्याला जोडून दिलं आणि जाताना बजावलं, “भाऊजी, हे नुसतं झटका देते, मारत नाई. पण लाईन डायरेक्ट कधी लावू नोका. माणूस चिकटला का सुटत नाई.” मी म्हटलं, मला काय खुळा समजतो? पुढे त्याच्याच हरभऱ्यात डुकरं शिरली आणि तो मशीन परत घेऊन गेला.

सुधाकरचं अजून एक सांगायला हवं. तो प्यायचा. त्यापायी त्याची बायको वंदना मुलीला घेऊन अंजनगावला माहेरी गेली होती. त्याने सोडली, तेव्हा आली — पुन्हा एकदा जरी घेतली तर कायमची जाईन, या बोलीवर. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

मशीन गेलं त्या संध्याकाळी मी घरातल्या बोर्डावरून सरळ डब्ब्याच्या पत्र्यापर्यंत वायर ओढली. हो — डायरेक्ट. करंट जमिनीत उतरू नये म्हणून झाडाची साखळी काढली, डब्ब्याच्या लोखंडी टेकूंखाली लाकडी फळ्या सरकवल्या. झोपताना बटण चालू, उजाडायच्या आत बंद. बायकोला सांगितलं नाही. शेतात डुकरांसाठी अशी वायर सोडली, माणूस मेला, शेतमालक आत गेला — आमच्याकडच्या पेपरात असल्या बातम्या नव्या नाहीत. त्या वाचून मी चुकचुकायचो. आधी मला चोराची भीती होती. मग वायरीची वाटू लागली. तरी बटण लावतच होतो. का? मला सांगता येत नाही.

एका सकाळी मला उशिरा जाग आली. सुधाकर अकोटच्या पहिल्या एसटीने आला होता, खांद्यावर ओल्या हरभऱ्याची पिशवी. डब्ब्यावरचं कापड वाऱ्याने सरकलं होतं. दुसऱ्याची वस्तू विस्कटलेली दिसली की सारखी केल्याशिवाय त्याला राहवत नाही. गवतावर दव होतं. मी खिडकीत दात घासत उभा. बटण आठवलं — आणि त्याच वेळी त्याने हात लावला. आवाज फारसा झाला नाही. तो फेकला गेला, आणि पडला तो हलेना.

मी धावलो. बटण बंद केलं. एवढं कोणीही करेल. मग बाहेर गेलो, आणि — इथेच माझी जीभ अडते — सुधाकरला ओलांडून डब्ब्याकडे गेलो. वायर सोडवली. गुंडाळली. नीट, वेटोळं करून, कोपर आणि अंगठ्यात. कोठीत गव्हाच्या पिंपामागे टाकली. तो श्वास घेतोय का, हे मी त्यानंतर पाहिलं.

घेत होता. डोळे उघडले, पण जीभ जड, पाय लटपटत, काय बोलतोय कळेना. बायको बाहेर आली. तिने काही विचारायच्या आत मी म्हणालो, “प्यायला वाटते.”

“कावून रे सुध्या, सकायी सकायी?” ती खाली वाकली. “वास तं येत नाई.”

“आजकाल बिनवासाची भेटते,” मी म्हणालो. अशी असते का? मला काय माहीत. सुचलं.

डॉक्टरकडे नेऊ, असं ती म्हणाली. मी म्हटलं, गावभर कशाला करते, लिंबू पाज. त्याच्या उजव्या हाताची बोटं भाजली होती. मी पाहिली होती. डॉक्टरनेही पाहिली असती. बायकोला म्हटलं, नशेत विडी पेटवली असेल. त्याचं काळीज मध्येच बंद पडलं असतं तर? दिवसभर मी उशाशी बसून त्याची छाती हलते का ते बघत होतो. बायकोला ती माया वाटली.

संध्याकाळी तो उठून बसला. बसमधून उतरल्यावरचं त्याला काही आठवत नव्हतं. “ताई, म्या नाई घेतली. पोरीची शप्पत.” मग माझ्याकडे वळला. “भाऊजी, तुमी तं होते. तुमी सांगा ना हिले.”

मी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून पडलं, ते चमच्याने काढत बसलो. बायकोने तोवर वंदनाला फोन केलेला होता.

वंदना पुन्हा माहेरी गेली. नाही घेतली, नाही घेतली, असं सुधाकर सगळ्यांना सांगत राहिला. मग कमी वेळा. मग थांबला. दिवाळीत आमच्याकडे आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. “चुकलं भाऊजी. तुमच्या दारात तमाशा केला. आठवत नाई, पण घेतलीच असन.”

आणि मी त्याला माफ केलं. खांद्यावर हात ठेवून. सासरी अजून सांगतात, जावई मनाचा मोठा.

डब्बा मी विकला. पण सुधाकर बोलता बोलता मध्येच थांबला की मी त्याच्या उजव्या हाताकडे बघतो — आठवलं का याला? कुठे झटका मशीनचा विषय निघाला तर मी पाणी प्यायला उठतो.

मागच्या महिन्यात अकोटला त्याच्या घरी गेलो होतो. वंदना आता परत आली आहे. अंगणात मी चपला काढत होतो, तेवढ्यात सुधाकर शेतातून आला. उंबऱ्याबाहेर थांबला आणि कोणी काही न म्हणता वंदनापुढे तोंड उघडलं. तिने वास घेतला, मान हलवली, तसा तो आत शिरला. रोजचंच असावं. मुलीने टीव्हीवरची नजर काढली नाही.

“बसा ना भाऊजी,” तो म्हणाला, “उभे कावून?”

मी बसलो.