रविवारी या, फादर

चर्चचे सात संस्कार मला अजून तोंडपाठ आहेत. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यातलं गणित गेलं, भूगोल गेला, हे राहिलं. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, आजाऱ्यांचं तेल, गुरुदीक्षा, लग्न. सिस्टर टेबलावर पट्टी आपटत म्हणवून घ्यायची. संस्कार म्हणजे काय? डोळ्यांना दिसणारी खूण, जिच्यातून न दिसणारी कृपा मिळते. पाणी दिसतं, भाकर दिसते, तेल दिसतं. आणि कृपा म्हणजे काय? देव आपणहून देतो ते. आपण चांगले म्हणून नाही, आपण कमावलं म्हणूनही नाही. एवढं आलं की सिस्टर पट्टी खाली ठेवायची.

नात यंदा पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला जाते. मागच्या आठवड्यात तिनं वही पुढे केली आणि विचारलं, "आजी, हे तेलाचं म्हणजे माणूस मरताना करतात तेच ना?"

"कोण म्हणालं?"

"मम्मी."

"मम्मीला सांग, चूक आहे. आजारी माणसाला बळ मिळावं म्हणून आहे ते. मरायची वाट बघायची नसते."

"तुला कसं माहीत?"

"शाळेत शिकले," मी म्हटलं.

शाळेत शिकले हे खरं. पण वेळ आली तेव्हा मी त्याच्या उलट वागले.

आमचं घर अंधेरीच्या गावठाणात. आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. आमच्या आळीत कौलं गेली, पत्रे आले, तरी मधलं अंगण राहिलंय. खाली आम्ही, वर धाकटा दीर. अंगण दोघा भावांचं. बऱ्याच वर्षांपूर्वी दिरानं वर जायला नवा जिना बांधला, तो नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. नवरा कामावरून आला तर तीन पायऱ्या तयार. तो म्हणाला, "विचारायचं तरी होतंस." दीर म्हणाला, "माझ्याच अंगणात कोणाला विचारू?" पुढे जे बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

बोलत नाही असे भाऊ गावठाणात खूप आहेत. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला येतात, एकाच रांगेत उभे राहून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि दारात तोंड फिरवतात. माझा नवरा तसा नव्हता. तो म्हणायचा, "मनात राग ठेवून देवासमोर तोंड उघडणार नाही. आधी कन्फेशन. आणि कन्फेशनला गेलो की फादर सांगणार, भावाशी बोल. ते मला जमत नाही." म्हणून अकरा वर्षं तो दर रविवारी शेवटच्या बाकावर बसला. बाकीचे ख्रिस्तप्रसादाला पुढे जायला निघाले की गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायचा. मी परत येईपर्यंत तसाच बसलेला असायचा. मी चिडायचे. "नाटकं कशाला करतोस? जा आणि घेऊन ये." तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं गं." मला कळत होतं. लोक बघतात याची मला लाज वाटायची, एवढंच.

मग त्याला पहिला झटका आला. डावा हात गेला, पाय ओढायला लागला, पण जीभ शाबूत होती. आठ दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पेज भरवत होते, तेव्हा तो म्हणाला, "फादरला बोलव."

"कशाला?"

"कन्फेशन करायचंय. तेल पण लावून घेतो."

मी चमचा वाटीत ठेवला. आमच्याकडे तेलाला लोक घाबरतात. माझी सासू आजारी पडली तेव्हा फादरला बोलावलं होतं. टेबलावर पांढरं कापड घातलं, क्रूस ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या. तेल लावून फादर परतले आणि जेवणवेळेच्या आत सासू गेली. तिला आधीपासून श्वास लागला होता, ते कोणी धरलं नाही. आळीतल्या बायकांनी तेलच धरलं. 'त्याला तेल लागलं' असं आमच्यात कोणाबद्दल म्हटलं, की ऐकणारा लगेच विचारतो, मयताची मिस्सा किती वाजता. चर्चमध्ये फादर किती वेळा सांगून गेले, तेल आजाऱ्यांसाठी आहे, लवकर बोलवा, शुद्धीत असताना बोलवा. मी समोर बसून मान हलवली आहे. घरी आले की परत आळीतलीच बाई.

"तू काही मरत नाहीयेस," मी नवऱ्याला म्हटलं.

"मरतोय असं मी कुठे म्हटलं?"

"मग पाय सुधारू दे. आपण दोघं चर्चला जाऊ."

तो हसला. तोंड एका बाजूनं वाकडं झालं होतं, त्यामुळे हसणंही वाकडंच. "अकरा वर्षांत नाही गेलो, आता लंगडत जाणार? बोलव गं."

"रविवारनंतर बघू."

त्यानं परत विचारलं नाही. पण संध्याकाळी फादर स्वतःच आले. सुनेनं सांगितलं होतं की कोणी, मी विचारलं नाही. तरुण होते, नुकतेच आमच्या चर्चला आलेले. हातात छोटी काळी बॅग. समोरच्या ओटीवर दोघी जणी लसूण सोलत बसल्या होत्या. बॅग बघून त्यांचे हात थांबले. मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. उद्या सकाळी सगळ्या आळीत होणार, ह्याला तेल लागलं.

फादर म्हणाले, "बाई, त्यांना भेटू का?"

मी दारात आडवी उभी राहिले. "झोपलेत, फादर. रविवारी या."

"मी थोडा वेळ बसतो."

"नको. डॉक्टरनं झोपू द्या म्हटलंय."

डॉक्टरनं असलं काही म्हटलं नव्हतं. फादरनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले. मी आत आले. नवरा उशीला टेकून बसला होता. टक्क जागा.

"मी जागा होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

मी पेल्यात पाणी ओतलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते प्यायलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मनात आलं, आत्ता पळत गेले तर फादर नाक्यावर सापडतील. गेले नाही. समोरच्या दोघी अजून ओटीवरच होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला. जीभ गेली. डोळे उघडे, पण बघतोय की नाही ते कळेना. तेव्हा मी स्वतः चर्चमध्ये धावत गेले, चप्पल न घालता. फादर लगेच आले. आळी बघत होती, बघू दे. त्यांनी कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं, पापांच्या क्षमेची प्रार्थना म्हटली. डावा हात निर्जीव होता. उजव्या हाताची बोटं मिटत होती, ती मी उघडून धरली. ख्रिस्तप्रसाद देता आला नाही, गिळता येत नव्हतं. अकरा वर्षं त्यानं ज्याची वाट पाहिली तो दोन हातांवर, फादरच्या डबीत होता. तसाच परत गेला.

चार दिवसांनी नवरा गेला.

महिन्याभरानं मी त्याच फादरकडे कन्फेशनला गेले. सांगितलं, मी खोटं बोलले आणि एका माणसाचा संस्कार अडवला.

फादर म्हणाले, "बाई, तेलानंही पापांची क्षमा होते. त्यांची इच्छा होती, बोलता येत नव्हतं, देव ते जाणतो. कृपा तुमच्या दारात अडकून पडत नाही."

"ते असेल, फादर," मी म्हटलं. "पण तो स्वतःच्या तोंडानं बोलणार होता. ते अडलं ना?"

"अडलं," ते म्हणाले. मला ते आवडलं. मग क्षमा दिली आणि तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. क्षमा झाली, हे मी मानते. पण क्षमा झाली म्हणून झालेलं पुसलं जात नाही.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी सुनेला सांगितलं, आधी फादरला बोलव, मला तेल लावून घ्यायचंय. सून पांढरीफटक पडली. "मम्मा, नुसता गुडघा आहे!" मी म्हटलं, "भूल देणार आहेत, वय झालंय, बोलव." दार सताड उघडं ठेवलं. फादर आले, तेल लावलं, ख्रिस्तप्रसाद दिला, चहा घेतला. समोरच्या ओटीवरून एकीनं विचारलं, "काय गं, निघालीस की काय?" मी म्हटलं, "तुला पोहोचवून मग जाईन."

दहा दिवसांनी काठी टेकत घरी आले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तेव्हा दीर जिन्यावरून खाली आला. आता त्यालाही पायऱ्या उतरायला वेळ लागतो. शेवटच्या पायरीवर बसला.

"तेल लावून घेतलं होतंस म्हणे."

"हो."

"आणि आलीस परत."

"आले ना. दिसत नाही?"

तो हातातली किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "तो माझ्याबद्दल काही बोलला होता का गं? शेवटी?"

खोटं तोंडाशी आलं होतं. बोलला, तुझी आठवण काढत होता, एवढंच सांगायचं होतं. म्हातारा माणूस, सुखानं झोपला असता. पण ह्या दारात मी एकदा खोटं बोलले होते.

"नाही," मी म्हटलं. "फादरला बोलव म्हणाला होता. कन्फेशन करायचंय म्हणाला. ते झालं असतं तर फादरनी त्याला तुझ्याकडे पाठवलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी बोलव म्हणाला."

दिरानं किल्ली मुठीत धरली.

"मग बोलावलं का नाहीस?"

"आले होते फादर. मीच परत पाठवलं."

"का?"

"समोरच्या ओटीवर बायका बसल्या होत्या," मी म्हटलं.

तो कठड्याला धरून उठला आणि एकेक पायरी चढत वर गेला. मी हाक मारली नाही. त्याचा जिना माझ्या खिडकीसमोरच आहे, वर पोहोचेपर्यंत तो मला दिसत होता.