मोराची पिल्लं आणि चार डाली

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरचं गवत कापताना मोठ्या मायच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, विळ्यापुढे लांडोरीचं घरटं आलं. लांडोर उडाली ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी आईने ती चार अंडी आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. वनरक्षकाला कळवलं तर तो म्हणाला, "सांभाळा ताई. छपरावर उडायला लागली की मी जंगलात सोडतो. तोपर्यंत एकही मरायला नको."

आमच्या केशोरीच्या घरात पत्रकांचे गठ्ठे धानाच्या पोत्यांना टेकून असत. बाबा संघटनेचं काम करायचे. मी जोडाक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. त्या वर्षी तर मी स्वतः पिंजऱ्यातल्या पोपटांवर एक पत्रक लिहून बाजारात वाटलं होतं. पण चारही अंड्यांतून निघालेली पिल्लं मोकळी सोडली तर मुंगूस खाणार, म्हणून ती मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाळी लावून ठेवली. तांदळाची कनकी आणि पाणी वेळेवर देत होते. याला पिंजरा म्हणायचं, हे सुचलं नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा सगळ्यात लहान पिल्लाची पाठ उघडी दिसली. पिसांच्या कोवळ्या नळ्या तुटल्या होत्या, रक्त आलं होतं. थोरलं पिल्लू चोचीत पीस धरून शेजारीच उभं. न्याय करायला मला एवढं पुरलं. त्याला कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डाल्याखाली घातलं.

तीन दिवसांनी दुसऱ्याने तेच केलं. त्यालाही डालं. मग तिसऱ्याला. उरलेल्या लहानीला एकटीला जाळीत मुंगसाची भीती, म्हणून तिच्यावरही डालं पालथं घातलं. शेजारची काकू पाहायला आली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"काऊन वं, मोर पाळला का कोंबडी सोलली? मीठ-मिरची लावाचीच बाकी हाय."

मी तिला बरंच काही बोलले. ती हसतच गेली.

दुसऱ्या दिवशी लहानीचं डालं उचललं तर खाली पिसं पडलेली. आत दुसरं कोणी नव्हतं. तिने स्वतःच्या छातीची पिसं उपटली होती.

आई मागे उभी होती. "आता कोनाले शिक्षा देशील?"

मी पिसं वेचू लागले.

"लांडोरीमागं असती त दिवसभर किडे टिपत फिरली असती," आई म्हणाली. "तू त्यायले कोपऱ्यात कोंडून नुसती कनकी टाकून राहिली. चोचीले काम नाही, पोटात किडा नाही. मग काय करतीन?"

त्या दिवसापासून चौघांना एकत्र वाडीत सोडलं आणि मी काठी घेऊन बसू लागले. सकाळी धुऱ्यावर जाऊन कुदळीने उधळीची, म्हणजे वाळवीची, वारुळं फोडायची, ढेकळं टोपल्यात भरून आणायची. जाळीला पालेभाजीच्या जुड्या उंच टांगायच्या, म्हणजे उड्या मारून तोडाव्या लागतील. लहानीच्या जखमांवर हळद आणि कडुनिंबाचं तेल. दुपारी कुत्रं हाकलायचं. बाबांनी दोनदा सभेला बोलावलं, दोन्ही वेळा गेले नाही. बोलायची ताकद उरत नव्हती. लहानीच्या पाठीवर नवी नळी दिसली की आनंद व्हायच्या आधी भीती वाटायची, हीसुद्धा तुटेल.

वनरक्षक आला तेव्हा तिघं गोठ्याच्या कौलांवर गेली. लहानी दोन हात उडाली आणि शेणाच्या ढिगावर पडली.

"इससे अभी नहीं होगा," तो म्हणाला. "तीन ले जाता हूँ. ही राहू द्या."

"एकटी राहिली तर स्वतःला सोलून मरेल," मी म्हणाले. "न्यायची तर चारही न्या, नाहीतर एकही नको."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पंधरा दिवसांनी येतो मग. तुमचीच मेहनत वाढली, ताई."

तो गेल्यावर आईने फक्त कुदळीकडे पाहिलं. ते पंधरा दिवस कसे गेले ते मला तारखेवारी आठवत नाही. सगळ्या दिवसांत वारुळांची सारखीच लाल माती आहे.

तो परत आला त्या सकाळी लहानी पहिल्या झेपेत खाली आली. दुसऱ्या झेपेत कौलांच्या कडेला पोचली, पाय घसरले, पंख फडफडवून वर चढली. वनरक्षक "हो गया" म्हणाला. चौघांना त्याने मोठ्या टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि जंगलाकडे नेलं.

त्या दुपारी मी झोपले ती दिवेलागणीला आईने उठवलं तेव्हाच जागी झाले. खांदे दुखत होते. जेवायला ये, ती म्हणाली. मला ताटावरून हात उचलणंही जड जात होतं.