थर्मासमधलं गरम पाणी

जुलैत दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या घरी गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. "आई, इट्स बर्निंग!" मुलगी ओरडली. मी नळाखाली हात धरला आणि पुष्कळ वर्षांपूर्वीचा कॅलिफोर्नियाचा किनारा आठवला.

तिथल्या समुद्रात केल्प नावाचं शेवाळ झाडांएवढं उंच वाढतं. त्या जंगलात मला न्यायचंच, असा तिथे राहणाऱ्या ताईचा हट्ट होता. पण पाण्यात पाय टाकताच मी मागे फिरले.

"मला नाही जमणार."

"दुबईची राणी गारठली!" ताईने थर्मास उघडला आणि त्यातलं सगळं गरम पाणी माझ्या डायव्हिंग सूटच्या गळ्यातून आत ओतलं. ऊब पोटापर्यंत उतरली.

"आणि तुला?"

"मला सवय आहे गं. चल."

खाली सोनेरी पानांमधून ऊन झिरपत होतं. ताईचा हात धरून मी त्या जंगलातून पोहत राहिले. त्याहून सुंदर काही मी अजून पाहिलेलं नाही.

आज संध्याकाळी ताईला फोन केला. "तेव्हा तुला खरंच थंडी वाजत नव्हती?"

ती हसली. "वाजत होती की! दात तोंडातल्या हवेच्या नळीवर आवळून धरले होते, म्हणून ते वाजताना तुला ऐकू आले नाहीत."