खड्याने पटलेली ओळख

कारकुनाने मला खडा मारून ओळखलं.

जळगावच्या पोलीस ठाण्याचं आवार. बेचाळीस साल. 'चले जाव'च्या मोर्चात तालुक्याच्या कचेरीवर दगडफेक झाली होती, दप्तर जळालं होतं. पकडलेल्या आम्हा लोकांना ओळखपरेडीसाठी रांगेत उभं केलं होतं. दगड मारणारे या कारकुनाने कचेरीच्या खिडकीतून पाहिले होते म्हणे. साक्षीदाराने आरोपीच्या खांद्यावर हात ठेवायचा, असा नियम. त्याने दोघातिघांच्या खांद्यावर ठेवला. माझ्यापाशी आला आणि जमादाराला विचारलं, "हा कोण?"

"महार."

उचललेला हात तसाच मागे गेला. कारकून मागे सरला, वाकला, खडा उचलला आणि माझ्या छातीवर फेकला. "हाही होता."

जमादार हसला. मामलेदाराने लिहून घेतलं. माझ्या तोंडाकडे कोणी धड बघितलंसुद्धा नाही. खडा बोराएवढा, लागलं काहीच नाही. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

मोर्चात मी होतो. नाही म्हणत नाही. हौसेने गेलो होतो, ओरडून ओरडून घसा बसला होता. पण निघतानाच मोर्चाचे पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणत, आमच्या वस्तीतल्यांना म्हणाले होते, "तुम्ही जरा अंतर ठेवून मागून या." आम्ही मागून गेलो. दगड पडले ते पुढे. आम्हाला कचेरी दिसलीच नाही, नुसता धूर दिसला. मी सुटणार होतो तो या एका गोष्टीवर, आणि ती भाऊंना पक्की माहीत होती.

वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, "हे कोर्टात काढू नकोस. चळवळीची बदनामी होईल."

चळवळीची! आणि मी?

मी काढलंच. "साहेब, मी मांगे व्हतू. आम्हले मांगेच चालाले सांगेल व्हतं. भाऊले इचारा."

भाऊही आरोपीच, पण त्यांना बसायला खुर्ची होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं. भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "गर्दीत कोण कुठे होतं, मला आठवत नाही."

माझं डोकं सणकलं. समोर तो कारकून उभा होता. म्हटलं, "यासले सांगा, मना खांदावर हात ठेवा. हात लाईसन सांगू द्या, मंग मी कबूल शे."

कारकुनाने धोतराचा सोगा आवरला. साहेब म्हणाले, "त्याची गरज नाही. ओळख पटलेली आहे."

भाऊंना सहा महिने साधी कैद. मला दोन वर्षं सक्तमजुरी.

बाहेर माझी माय पट्टेवाल्याच्या विनवण्या करत होती. "मना पोऱ्या मांगे व्हता हो दादा, मांगेच व्हता." त्याने तिला हुसकावलं. ती गेल्याचा निरोप मला धुळ्याच्या तुरुंगात मिळाला. मी चक्कीवर होतो. काय करणार? दळत राहिलो. पीठ भिजलं म्हणून वॉर्डरने शिव्या दिल्या, त्याही ऐकून घेतल्या.

स्वातंत्र्य आलं तेव्हा भाऊ आमच्या वस्तीपर्यंत आले. आत नाही, रस्त्यावरच थांबले. तिथूनच हाक मारली. "अरे, शिक्षा भोगलेल्यांचा सत्कार आहे. मिरवणूक निघतेय. तूही ये."

मी अंगणातच उभा राहिलो. "भाऊ, इकडे या. मना खांदावर हात ठेवा. अन् त्या दिवशी मी कुठे व्हतू, ते बठ्ठा लोकसले सांगा. मंग येसू."

भाऊंनी घड्याळ बघितलं. "आज सणासुदीच्या दिवशी हे कशाला?" म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने ताशे वाजले. वस्तीतले काहीजण धावले, नेहमीसारखे मागून.

मी गेलो नाही. माय परत येणार नाही, ती दोन वर्षंही नाहीत. सरकारी कागदावर मी अजून दंगेखोर आहे, आणि ते पुसायची ताकद माझ्यात नाही. पण हे पाय माझे आहेत. हात लावून जो मला ओळखणार नाही, त्याच्या मिरवणुकीत ते जाणार नाहीत. मागूनसुद्धा नाही.