पाठ फिरवून दिलेली गोळी

हे मी नवऱ्याजवळ बोललेले नाही, माहेरी बोललेले नाही, देवापुढे हात जोडून उभी असतानासुद्धा ओठ मिटून ठेवले आहेत. तुमच्याजवळ का बोलते — ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. लिहिताना मध्येच थांबते, पुन्हा सुरू करते. तसंच वाचा.

गावात मला गरीब स्वभावाची म्हणतात. नवीन लग्न होऊन आले तेव्हा हातपंपावर बायका एकमेकींना विचारायच्या, "हाई बोलस का नही, का मुकी शे?" मी हंडा उचलून चालू लागायची. पुढे मला एक गोष्ट कळली — लाजऱ्या बाईला कोणी खोदून विचारत नाही. ती गप्प बसली तर माणसं म्हणतात, तिचा स्वभावच तसा. तिच्या गप्प बसण्यामागे काही असेल, असं कोणाच्या मनात तरी येतं का?

आमचं गाव म्हसावदच्या अलीकडे. घरात सासू, माझा नवरा, जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि जेठांची मुलगी हर्षाली. जेठाणी, माझी थोरली जाऊ, हर्षाली लहान असतानाच वारली, म्हणून ती माझ्याच हाताखाली वाढली. जेठ पपईच्या गाड्या भरायला जायचे. तोडलेली पपई रद्दी पेपरात गुंडाळायची, थरावर थर लावायचे, दुपारपर्यंत ट्रक भरून दिल्लीकडे. अंगानं धिप्पाड माणूस. मग खोकला लागला आणि हळूहळू अंगातलं सगळं उतरलं. तपासणीत टीबी निघाला.

उपकेंद्राच्या सिस्टर घरी आल्या. म्हणाल्या, रोज सकाळी गोळ्या घ्यायच्या, आणि कोणीतरी समोर उभं राहून त्या गिळताना पाहायचं. हातात देऊन चालणार नाही, डोळ्यांनी पाहायचं. हा नियम सगळ्या जगात आहे, म्हणाल्या, कारण माणूस बरं वाटायला लागलं की गोळी सोडतो, आणि अर्धवट सोडली की रोग गोळीला ओळखून बसतो. सासूला दिसत नव्हतं. नवरा पहाटेच शेतात जायचा, हर्षाली शाळेच्या घाईत असायची. पाकिटावरचं वाचता येणारी, घरात असणारी मी एकटी. सिस्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

आता इथे तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. धाकटी सून जेठासमोर तोंड करून उभी राहत नाही. पदर पुढे ओढायचा, पाठ करायची. काही द्यायचं तर खाली ठेवायचं, हातात द्यायचं नाही. सांगायचं असेल तर मध्ये मूल घ्यायचं. इतकी वर्षं एका घरात राहून जेठांचा चेहरा मी नीट पाहिला, तो ते गेल्यावर, अंगणात आडवे ठेवले होते तेव्हा.

असं असताना मी त्यांना गिळताना कशी पाहणार होते? मी गोळ्या आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. मागून ते खोकायचे, मग आत वेणी घालणाऱ्या हर्षालीला हाक मारून म्हणायचे, "सांग तुन्ही काकीले, तठे ठेवी दे." तांब्या वाजायचा. तो वाजला की मी आत जायची. तांब्याच्या आवाजावरून मी धरून चालायची की गोळी पोटात गेली.

सिस्टर यायच्या आणि विचारायच्या, "तुझ्यासमोर गिळतात ना?" मी मान हलवायची. "लघवी लालसर होते का, विचारलंस?" त्या गोळीनं तशी होते, त्यावरून कळतं. जेठांना हे विचारायचं? मी मरून गेले असते. मी मान हलवायची.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाई, यात तुझा काय दोष, रीतच तशी. मीही स्वतःला पुष्कळ दिवस हेच सांगितलं. नियम करणाऱ्या मोठमोठ्या माणसांनी सगळं ठरवलं, पदराचा विचार केला नाही — असं म्हणून मी झोपीही जायची. पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

ओट्यामागे आम्ही कपाशीच्या काड्यांचा ढीग रचतो, चुलीसाठी. जेठांचा खोकला कमी झाला होता, ते पुन्हा गाड्या भरायला जाऊ लागले होते. एका सकाळी मी काड्या ओढल्या आणि त्यांच्याबरोबर गोळ्या घरंगळत पायाशी आल्या. लालसर. काही दहिवरानं फुगून फुटल्या होत्या, काड्यांना रंग लागला होता. एक-दोन नव्हत्या. बऱ्याच दिवसांच्या होत्या.

मी तिथेच उकिडवी बसले. सगळं समजलं मला. गोळीनं त्यांना मळमळायचं, उपाशीपोटी घेऊन भर उन्हात गाडी भरायची म्हणजे हाल. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी सोडून दिली. मागे वळून पाहणारं कोणी नव्हतंच. मी त्या गोळ्या पदरात गोळा केल्या, आत नेल्या — आणि चुलीत टाकल्या. वर तवा ठेवला.

का? लाज वाटली म्हणून? नाही. बोलायला मला तोंड नव्हतं असंही नाही. सिस्टरांना सांगायला किती लागलं असतं? चार शब्द. सासूला सांगितलं असतं तरी तिनं लेकाला उभा-आडवा घेतला असता. जेठांची भीतीही नव्हती, ते वाईट माणूस नव्हते.

खरं कारण हे, आणि हेच मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात गावात बायकांची बैठक झाली होती. सिस्टरांनी मला सगळ्यांपुढे बोलावून खुर्चीवर बसवलं. मी, जी कोपऱ्यात सतरंजीच्या कडेला बसते. त्या म्हणाल्या, "हिच्याकडे बघा. घरातला पेशंट हिनं बरा करत आणलाय. हिच्यासारखी बाई प्रत्येक गल्लीत पाहिजे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. हातपंपावर मुकी म्हणणाऱ्यांनीसुद्धा. घरी आल्यावर नवरा हसून म्हणाला, "आमनी तं डॉक्टरीण व्हई गयी." मला उभ्या जन्मात कोणी कशासाठी चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्या आईनंही नाही. ती खुर्ची माझ्या डोक्यात राहिली. गोळ्यांचं सांगितलं असतं तर ती गेली असती.

एवढ्यासाठी. खुर्चीसाठी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोळ्या ओट्यावर ठेवल्या आणि पाठ केली. आता मला ठाऊक होतं, तांब्या वाजतो म्हणजे काय. सिस्टर आल्या, मी मान हलवली. ढिगात पुन्हा गोळ्या सापडायच्या, पुन्हा चुलीत. औषधाच्या शेवटच्या दिवशी सिस्टरांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

वर्ष सरायच्या आत जेठांना पुन्हा खोकला लागला. या वेळी रक्त पडलं. नंदुरबारच्या दवाखान्यात सांगितलं, हा रोग आता त्या गोळ्यांना दाद देत नाही, दुसरी औषधं लागतील, लांब चालतील. ती पुरी व्हायच्या आधीच ते गेले. सिस्टर भेटायला आल्या, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तर रोज समोर उभी राहून दिल्यास." मी रडले. सगळ्यांना वाटलं, जेठांसाठी.

हर्षाली तेव्हा लोणखेड्याला कॉलेजात जायची. बापाची उठबस तीच करायची, त्याच्याच खोलीत निजायची. तिला खोकला लागला तेव्हा मी आधी काढा दिला. मला माहीत होतं काय आहे, तरी काढा दिला. तपासणीत तोच निघाला, गोळ्यांना न जुमानणारा, बापाकडून आलेला. आता त्यावर नुसत्या गोळ्या मिळतात म्हणे. तेव्हा सुया होत्या, रोजच्या, किती महिने. पोरगी वाचली. पण त्या सुयांनी तिचे कान गेले. उजव्यानं थोडं ऐकू येतं, डाव्यानं काहीच नाही. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

मध्यंतरी मी शेडवर पपई गुंडाळायला जात होते. हातात येईल तो पेपर वाचायची सवय आहे मला. एका तुकड्यात होतं की या रोगाचे सगळ्यात जास्त आजारी आपल्याच देशात आहेत, आणि औषधाला दाद न देणारा प्रकार जगाला भारी पडतो आहे. खाली देशादेशांचे आकडे होते, मोठे. मी ते पाहत उभी राहिले. मुकादम ओरडला, "मावशी, पेपर वाचाले लई ऱ्हायनी का पपई बांधाले?" मी त्याच पेपरात पपई गुंडाळली आणि थरात लावली. त्या आकड्यांत आमच्या घरातली दोन माणसं होती. ती तिथे कशी गेली, ते आकडे मांडणाऱ्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

हर्षालीचं लग्न तळोद्याला झालं. सगळ्यांना सांगते, मला काकीनं वाढवलं, आजारात काकीनंच उभं केलं. मला म्हणते, "काकी, जोरमा बोल ना. तू तं मच्छरसारखी बोलस." आणि हसते.

गेल्या हिवाळ्यात ती आली होती. भरीत करायचं होतं. ओट्यावर आम्ही दोघी भाजलेली वांगी सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं तिला. काड्यांचा ढीग, गोळ्या, चूल, खुर्ची. माझ्या नेहमीच्या आवाजात, पण एकही गोष्ट न गाळता. ती सोलत राहिली. मग हात थांबवून वळली. "काकी, काही बोलनी का तू? आठे ये, या कानले आयकू येत नही."

मी उठून तिच्या उजवीकडे जाऊन बसले. म्हटलं, देठं काढू नको, राहू दे.

डाव्या बाजूला मी चुकून बसले नव्हते.