बोडकी पपई

जिते गावात आमच्या शेजारी राहणारे काका कधी कुणाकडे विरजणसुद्धा मागायचे नाहीत. ‘कुनाला तरास नको’ हे त्यांचं दर दोन वाक्यांमागे ठरलेलं.

साध्या तापात पेणच्या लॅबनं त्यांच्या प्लेटलेट्स फारच कमी सांगितल्या आणि अख्खी आळी धावली. पानांचा रस पाजायचा म्हणून आमच्या परसातली पपई शेंड्यापर्यंत ओरबाडली. काका डोळे मिटून तो कडूजहर रस प्यायचे. मग रोह्याच्या डॉक्टरांनी वेगळ्या नळीत रक्त घेतलं आणि हसले. रक्त गोठू नये म्हणून पहिल्या नळीत जे औषध असतं, त्यानं काकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत होत्या, म्हणून मशीनला कमी दिसल्या. अंगात काहीच बिघडलं नव्हतं.

आळी खूश झाली. काकांची मान मात्र खाली गेली ती गेलीच. आमच्या दारावरून जायचंसुद्धा ते टाळतात. पण उजाडलं की बादली घेऊन मागून परसात येतात आणि त्या बोडक्या खोडाला पाणी घालतात.

आज न राहवून म्हटलं, ‘काका, राहू द्या. झाड गेलं.’

‘धडधाकट झाड व्हता,’ खोडावरून हात फिरवत ते म्हणाले, ‘माझ्यासारखाच.’