यापूर्वीही अनेकदा

तुळशीराम बाबू तालुक्याच्या कॉलेजात आवक-जावक सांभाळत. तीस वर्षं तीच खिडकी, तोच शिक्का. पण पोरांना ते माहीत होते अर्जांसाठी. तक्रार कुणाच्या नावे करायची, सुरुवात कशी करायची, हे पोरांना कुठून कळणार? कोरा कागद घेऊन कुणी खिडकीशी घुटमळलं, की बाबू चष्मा चढवत. "बस. मी सांगतो, तू लेहे."

तरुणपणी त्यांच्या गावी, उंद्रीच्या गणपतीत नाटकं होत, तेव्हा ते विंगेत पुस्तक धरून उभे असत. नायक अडखळला, की यांच्या ओठांवर वाक्य तयार! टाळ्या नायकाला. पण आपण नसतो तर खेळ पडला असता, एवढ्या समाधानावर हा माणूस आठ दिवस तरंगत असे. अर्ज सांगतानाही त्यांना तसंच वाटे.

साधी तक्रार टेबलावरच पडून राहते, हा त्यांचा अनुभव. म्हणून कुणा पोराविरुद्धच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते एक वाक्य घालायला लावत : 'सदर विद्यार्थ्याने यापूर्वीही अनेकदा असाच त्रास दिला आहे.' त्यानं कागदाला वजन येई. आपण पोरांचं भलं करतो, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही.

फेब्रुवारीत अर्पिता आली ती रडतच. वर्गातल्या हरिओमनं मस्करीत तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल ओढलं आणि थेट हौदात फेकलं. दुसऱ्या दिवशी त्यावर सही घ्यायची होती. बाबू सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटच्या वाक्याला तिचा पेन थांबला.

"पण बाबूजी, याच्या आधी त्यानं काहीच नाही केलं."

"अवं, हे लेहाच लागते. नाईतर तुया कागद वाचन कोण?"

तिनं लिहिलं. बाबूंनी शिक्का मारून पोच दिली.

आठव्या दिवशी शिस्त समिती बसली. अध्यक्ष पुष्पांजली मॅडम. नावं पुकारायला आणि जबाब लिहून घ्यायला बाबूच. हरिओमनं मान खाली घालून सगळं कबूल केलं. "हाव मॅडम, मीच फेकलं. चुकलो."

मॅडमनी अर्ज पुन्हा पाहिला. "पहिलीच वेळ असती तर माफीनामा घेऊन सोडलं असतं. पण हे वारंवार होत असेल, तर नियमानं एक वर्ष परीक्षेला बसता येणार नाही. अर्पिता, याआधी काय काय झालंय?"

अर्पितानं बाबूंकडे पाहिलं. वाक्य विसरलेला नायक असाच विंगेकडे पाहायचा. बाबू कागदावर वाकले आणि नुसतीच तारीख गिरवत बसले. खोटी तक्रार म्हणून आपल्यालाच धरतील, या भीतीनं ती पुटपुटली, "आठवत नाही." मॅडमनी निकाल उद्यावर ठेवला.

व्हरांड्यात हरिओमची आई छाया उभी होती. शेतातली मेथी खुडायची टाकून उंद्रीहून आलेली. "बाबूजी, तुमी आपल्या गावचे. पोराले रोज पाह्यता. असा हाय का तो?"

"नाही बाई."

"मंग सांगा ना आत."

"मी काय सांगू? मी तं फक्त लेहून घेतो."

"हाव, तुमचंही खरंच हाय," ती म्हणाली. त्यात टोमणा असता तर बाबूंना बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधी बाबूंनी स्वतःसाठी कागद घेतला. हजार अर्ज सांगणाऱ्या माणसाला पहिली ओळ सुचेना. विंगेत कुणीच नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं : 'अर्पिताच्या अर्जातलं शेवटचं वाक्य माझं आहे. ती नाही म्हणत होती.' सही करायला हात गेला आणि थांबला. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली : 'यापूर्वीही अनेकदा मी असंच केलं आहे.' आपल्याच हातानं शिक्का मारला, वहीत नंबर टाकला आणि कागद समितीपुढं नेऊन ठेवला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "बाबू, अनेकदा म्हणजे किती?"

"मोजलं नाही, मॅडम."

"त्यातल्या किती पोरांचं वर्ष गेलं?"

बाबूंच्या डोळ्यांपुढं एक काटकुळा पोरगा आला. तो पुन्हा कॉलेजात फिरकलाच नव्हता, दाखला न्यायलाही नाही. त्याचं नाव काही केल्या ओठांवर येईना.

हरिओमनं माफी मागायची आणि आठ दिवसांत अख्खं जर्नल स्वतः लिहून द्यायचं, असं ठरलं. बाहेर अर्पिताचा आवाज आला, "अक्षर नीट काढजो बे! नाईतर पुन्हा अर्ज करीन."

"कर. पण बाबूजीकडून नोको लेहू!"

पोरं हसली. आत बाबूंनीही हसायचा प्रयत्न केला. त्यांचं काय करायचं ते प्राचार्य ठरवणार होते. तोवर मॅडमनी जुन्या तक्रारी तपासायला मागितल्या होत्या.

बाबूंनी कपाट उघडलं. पहिल्या गठ्ठ्याची गाठ सुटायला वेळ लागला. मग ते खाली फरशीवरच बसले आणि एकेक कागद उलटू लागले. प्रत्येक कागदावर अक्षर वेगळं होतं. शेवटची ओळ तेवढी तीच.